एजिरीचा वारा आणि लाकडाचा ठसा

कात्सुशिका होकुसाई या जपानी चित्रकाराच्या ‘सुरुगा प्रांतातील एजिरी’ या चित्रात वाऱ्याचा एकच झोत आहे. लाकडी ठशांनी छापलेले हे रंगीत चित्र साधारण १८३० ते १८३२ या काळातले. सुमारे ३७ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच, म्हणजे शाळेची साधी वही मधोमध उघडली तर जेवढी होते तेवढाच त्याचा आकार. पाणथळ, गवताळ शेतांमधून एक अरुंद वाट वळणे घेत गेली आहे आणि वाटेवर प्रवासी आहेत. डावीकडे दोन उंच, सडपातळ झाडे असून त्यांची पाने सुटून आकाशात उडाली आहेत. झाडांजवळच्या एका बाईचे डोक्यावरचे वस्त्र तिच्याच तोंडावर आले आहे. तिच्या किमोनोच्या छातीच्या घडीत ठेवलेले पातळ कागद निसटून एकामागून एक वर चढत चालले आहेत. ओच्यात बांधलेले जिन्नस पदर सुटताच सांडावेत, तशी तिची गत झाली आहे. एका प्रवाशाची टोपी केव्हाच आभाळात पोहोचली आहे. बाकीच्यांनी आपापल्या टोप्या दाबून धरल्या आहेत आणि अंगे वाकवली आहेत. या सगळ्या धांदलीमागे फुजी पर्वत उभा आहे. तो फक्त एका बाह्यरेषेने काढला आहे. आत रंग नाही, छाया नाही, खडक नाहीत.

एजिरी हा एदो, म्हणजे आजचे टोकियो, ते क्योतो या टोकाइडो महामार्गावरचा अठरावा मुक्काम. प्रवाशांची ये-जा अखंड असलेल्या या मार्गावर एकूण ५३ मुक्काम होते. होकुसाईचा जन्म १७६० चा, त्यामुळे हे चित्र केले तेव्हा तो सत्तरीत होता. १८४९ साली वयाच्या नव्वदीला टेकून तो वारला. हे चित्र ‘फुजी पर्वताची छत्तीस दृश्ये’ या त्याच्या मालिकेतले आहे. निशिमुराया योहाची या प्रकाशकाने काढलेली ही मालिका इतकी खपली की पुढे तिच्यात आणखी दहा दृश्यांची भर पडली. नावात छत्तीस असले तरी चित्रे ४६ आहेत. जगभर छापले जाणारे प्रचंड लाटेचे चित्र याच मालिकेतले. लाटेइतकी प्रसिद्धी एजिरीच्या वाट्याला आली नाही. वारा कसा पाहावा हे शिकायला मात्र त्याहून चांगले चित्र सापडणे कठीण.

चित्र कसे पाहायचे हे ठरवण्याआधी ते कसे तयार होते हे कळायला हवे, कारण त्यातले अर्धे सौंदर्य कृतीतून येते. ठसा ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही. पोळ्याला पेल्याची कड रंगात बुडवून बैलाच्या पाठीवर गोल उमटवतात, तो ठसाच असतो. वारकऱ्याच्या कपाळावर उमटणारी गोपीचंदनाची मुद्रा हाही ठसा. एकाच आकारातून अनेक प्रती काढण्याची कला तर मराठवाड्यातल्या धाराशिव तालुक्यात फार जुनी आहे. याच तालुक्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तिथे सातवाहन काळातल्या, दुहेरी साच्यात घडवलेल्या पांढऱ्या मातीच्या मूर्ती सापडल्या असून गावच्या लामतुरे संग्रहालयात तिथले प्राचीन अवशेष जपले आहेत. साच्यातून मूर्ती निघते, ठशातून चित्र निघते. दोन्हीकडे कारागिराला उलट्या बाजूने विचार करावा लागतो: साच्यात जो खळगा तो मूर्तीत उंचवटा, आणि ठशावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे.

जपानी रंगीत ठशाचे चित्र एका माणसाचे काम नसे. चित्रकार पातळ कागदावर शाईने रेखाटन करी. कोरणारा ते रेखाटन पालथे करून रानटी चेरीच्या फळीवर चिकटवी. कागदाचा वरचा पापुद्रा चोळून काढला की उलटी रेघ लाकडावर स्पष्ट दिसे. मग रेघेच्या दोन्ही बाजूंनी सुरी चालवून उरलेले सगळे लाकूड खोदून काढायचे. छापला जातो तो फक्त उरलेला उंचवटा. चित्रातल्या प्रत्येक गवताच्या पात्यासाठी कारागिराला पात्याच्या या बाजूचे आणि त्या बाजूचे लाकूड काढावे लागले आहे. मूळ रेखाटन या कामात नष्ट होई, म्हणून अशा चित्रांना ‘मूळ’ असे एकच चित्र नसते. जे छापले तेच मूळ.

हा पहिला ठसा फक्त रेषांचा. त्याच्या काही प्रती काढून चित्रकार कोणत्या भागाला कोणता रंग हे त्यावर सांगे, आणि मग प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा कोरला जाई. प्रत्येक ठशाच्या कडेला दोन खुणा ठेवलेल्या असत: कोपऱ्यात काटकोनाची एक आणि खालच्या कडेला सरळ रेघेची एक. ओलसर कागद दर वेळी याच दोन खुणांना टेकवून ठेवायचा. खूण केसभर चुकली तरी निळा रंग रेषेबाहेर सांडतो. रंग पाण्यात कालवलेले असत आणि त्यांत तांदळाची खळ घातली जाई. छापणारा घोड्याच्या केसांच्या कुंच्याने ठशावर रंग लावी, कागद ठेवी आणि बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीने कागदाच्या पाठीवर घासून रंग उतरवी. यंत्राचा दाब नाही, फक्त हाताचा. तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद इतका चिवट असे की ओल्या अवस्थेतही असा मारा तो अनेक वेळा सहन करी. १७६५ च्या सुमारास सुझुकी हारुनोबू याच्या चित्रांतून बहुरंगी छपाईची ही पद्धत रुळली. होकुसाईच्या हातात ती आली तेव्हा तिला साठहून अधिक वर्षे झाली होती आणि कोरणारे-छापणारे आपापल्या कामात निष्णात होते.

हे सगळे लक्षात घेतले की एजिरीच्या चित्रातली खरी नवलाई उमजते. वारा म्हणजे सर्वांत चंचल गोष्ट. तिचे चित्र मात्र सर्वांत सावकाश आणि कठीण वाटेने झाले आहे. कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात वारा दाखवण्याची सोय इथे नाही. हवेत उडालेला कागद दिसतो तितका हलका असला, तरी त्याची प्रत्येक कड कोणीतरी कठीण लाकडात ठरवून, थांबून, सुरी फिरवून उभी केली आहे. चपळाईचा भास देणारी रेषा संथ हातातून यावी, हीच या कलेची मोठी कमाई.

आता चित्रातला वारा. वारा स्वतः दिसत नाही, त्याने हलवलेल्या वस्तू दिसतात, एवढे कोणीही सांगेल. होकुसाई याच्या पुढे जातो. तो वस्तूंची वजनाप्रमाणे वाटणी करतो. हे ध्यानात यायला खळ्यावरची उपणणी आठवावी. मळलेले धान्य पाटीत भरून शेतकरी तिवईवर उभा राहतो, वारा अंगावर घेतो आणि पाटी हळूहळू रिती करतो. दाणे सरळ खाली पडतात, भुसा थोडा लांब जाऊन पडतो, आणि अगदी बारीक फोलपटे दूरवर उडून जातात. वारा तोच असतो. कोण किती दूर गेले यावरून प्रत्येकाचे वजन कळते. एजिरीच्या चित्रात नेमके हेच घडले आहे. पाने आणि कागद सर्वांत हलके, म्हणून ते सर्वांत उंच आणि सर्वांत दूर. टोपी थोडी जड, पण तीही सुटली. कपडे सुटत नाहीत, फक्त फुगतात आणि फडफडतात. माणसे जागची हलत नाहीत, फक्त वाकतात. झाडांचे शेंडे झुकले आहेत, बुंधे मात्र जमिनीत घट्ट आहेत. आणि फुजी, ३,७७६ मीटर उंचीचा, तसूभरही हललेला नाही. चित्रभर हलक्यापासून जडापर्यंत अशी पायरी-पायरीने उतरंड लागली आहे. एकदा ती दिसली की वाऱ्याचा जोर किती, हे मोजमापाशिवाय कळते.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीसारख्या गावाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. बालाघाटाच्या उघड्या रानात वाऱ्याला अडवणारे फारसे काही नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस वळवाच्या आधी जी वावटळ उठते, तिच्यात पाचोळा, कडब्याच्या चिपाडांचा भुगा आणि धूळ गोल फिरत वर जाते. बांधावरचा लिंब नुसता सळसळतो आणि वाटेने जाणारा माणूस डोळे मिटून, उपरणे तोंडावर घेऊन उभा राहतो. मराठीत वाऱ्यासाठी शब्दही वजनाप्रमाणेच आहेत. झुळूक पान हलवते, सोसाट्याचा वारा छपरावरचे गवत उचलतो, वावधान आले की पत्रेही राहत नाहीत. एजिरीचा वारा झुळकेचा नाही आणि झाडे मोडणाऱ्या वादळाचाही नाही. टोपी गेली, पण वाट सुटली नाही, इतपत तो आहे. ही नेमकी मात्रा हे चित्राचे बलस्थान आहे. वादळ काढले असते तर सगळ्याच वस्तू उडाल्या असत्या आणि वजनांमधला फरक नाहीसा झाला असता.

वाऱ्याची दिशा आणखी एका कारणाने लक्ष देऊन पाहावी. चित्रात वारा डावीकडून उजवीकडे वाहतो. मराठी वाचकाची नजर अक्षरांच्या सवयीने याच दिशेला जाते, म्हणून त्याला कागदांबरोबर आपसूक वाहत गेल्यासारखे वाटते. जुन्या जपानी वाचकाची सवय उजवीकडून डावीकडे जाण्याची होती. त्याच्या नजरेला हा वारा समोरून भिडत असणार. तेच चित्र, पण एकाला वारा पाठीवर आणि दुसऱ्याला तोंडावर. वाटेची नागमोडी वळणेही यात भर घालतात. वारा सरळ रेषेत जातो, वाट मात्र वळत जाते, आणि त्यामुळे वाटेवरच्या प्रत्येक माणसाला वारा वेगळ्या अंगाने लागतो. एकाच वाऱ्यात वाकलेली माणसेही एकसारखी दिसत नाहीत ती यामुळे.

रेषांकडे जवळून पाहिले की आणखी एक भेद दिसतो. गवताच्या आणि कपड्यांच्या रेषा लहान, टोकदार, मध्येच जाड आणि टोकाला बारीक होणाऱ्या आहेत. फुजीची रेषा मात्र लांब, संथ आणि जवळजवळ एकाच जाडीची आहे. तिथे सुरी कुठेही घाईत वळलेली नाही. पर्वताच्या आतला भाग छापलाच नसल्याने तिथे दिसतो तो नुसता कागद. म्हणजे चित्रातली सर्वांत जड वस्तू सर्वांत कमी साहित्यात साकारली आहे. उडणारे कागद आणि स्थिर पर्वत, दोन्ही कोऱ्या कागदाचेच आहेत. एकाला भोवतालच्या तुटक, वळत्या रेषांनी उडवले आणि दुसऱ्याला एका अखंड रेषेने बसवले. या जोडीकडे लक्ष गेल्यावर चित्र पुन्हा पूर्वीसारखे पाहता येत नाही.

फुजीच्या मालिकेतल्या पहिल्या छत्तीस दृश्यांच्या सुरुवातीच्या प्रतींत बाह्यरेषा नेहमीच्या काळ्या शाईऐवजी निळ्या रंगात छापल्या आहेत. हा निळा म्हणजे प्रशियन निळा, अठराव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये योगायोगाने तयार झालेले कृत्रिम रंगद्रव्य. डच आणि चिनी व्यापारातून तो जपानात पोहोचला आणि १८३० च्या आसपास छापणाऱ्यांच्या हातात मुबलक आला. त्याआधी निळ्यासाठी नीळ वापरत किंवा एका रानफुलाचा रस. नीळ छपाईत काहीशी मंद दिसे आणि फुलाचा निळा प्रकाशात लवकर विटे. प्रशियन निळा गडदही होई आणि पाणी घालून अगदी फिकाही करता येई, तरी त्याचा ताजेपणा टिके. आकाश आणि पाणी यांची निसर्गचित्रे याच काळात एकाएकी बहरली, त्यामागे या रंगाचा मोठा वाटा आहे. त्याआधी अशा छापचित्रांचे मुख्य विषय नट आणि सुंदर स्त्रिया हे होते.

निसर्गचित्रातल्या आकाशाकडे पाहताना वरच्या कडेचा पट्टा चुकवू नये. अनेक चित्रांत तो वर गडद असतो आणि खाली येता येता कागदात विरून जातो. हा उतार ठशात कोरलेला नसतो. छापणारा ठशाच्या सपाट भागावर पाणी फिरवतो, एका कडेला रंग ठेवतो आणि कुंच्याने तो ओल्या भागात ओढत नेतो, मग छापतो. प्रत्येक प्रतीसाठी हे नव्याने करावे लागते, म्हणून दोन प्रतींतली आकाशे तंतोतंत सारखी निघत नाहीत. कोरणाऱ्याचे काम एकदा झाले की संपले, छापणाऱ्याचे प्रत्येक कागदाबरोबर पुन्हा सुरू होई. चित्रकाराचे नाव कडेला छापलेले असते, छापणाऱ्याचे बहुधा नसते. चित्र पाहणाऱ्याने तरी त्याची आठवण ठेवावी.

मराठी घरांतल्या जुन्या छापील चित्रांशी तुलना केली की या रंगांचे वेगळेपण स्पष्ट होते. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि काही वर्षांत लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे दगडावरून छापलेली. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, हे तत्त्व तेच. पण तिथे बारीक ठिपक्यांनी गालाची गोलाई आणि साडीची चमक उभी केली जाई. पाहणाऱ्याला छपाई विसरायला लावणे हे त्या चित्रांचे कसब होते. लाकडी ठशाचे चित्र उलट आपली छपाई लपवत नाही. रंगाचे सपाट तुकडे शेजारी शेजारी बसतात, त्यांच्या कडा स्वच्छ असतात, आणि कधी कधी आकाशाच्या निळ्यात फळीचे पदरही उमटलेले दिसतात. काही छापणारे हे पदर मुद्दाम उमटू देत, कारण लाकडाच्या त्या लांब, समांतर रेघा आकाशात वाऱ्याच्या प्रवाहासारख्या दिसत.

होकुसाईहून वयाने लहान असलेल्या उतागावा हिरोशिगे याने (१७९७–१८५८) वाऱ्याचा दुसरा स्वभाव पकडला. ‘टोकाइडोचे त्रेपन्न मुक्काम’ ही त्याची गाजलेली मालिका १८३३-३४ च्या सुमाराची. सुरुवात आणि शेवट धरून तिच्यात ५५ चित्रे आहेत. त्रेचाळिसाव्या मुक्कामाच्या, योक्काइचीच्या चित्रात एक माणूस घरंगळत जाणाऱ्या टोपीमागे धावतो आहे. दुसरा एका लहानशा फळीच्या पुलावरून पाठमोरा चालला आहे आणि त्याचा अंगरखा शिडासारखा फुगला आहे. दोघांमध्ये एक विलोचे झाड फांद्या सोडून वाऱ्यावर झुकले आहे. एजिरीत माणसांचा घोळका आहे, योक्काइचीत फक्त दोन माणसे. तिथे गोंधळ आहे, इथे एकटेपणा. एकाची फजिती आणि दुसऱ्याची निमूट चाल यांच्यामधली मोकळी जागाच इथे वाऱ्याने भरली आहे. त्यापुढच्या पंचेचाळिसाव्या मुक्कामाच्या, शोनोच्या चित्रात वाऱ्याला पाऊस मिळाला आहे. तिरप्या सरी, डोंगराच्या उतारावर धावणारी माणसे, आणि मागे बांबूच्या बनाच्या एकामागे एक फिक्या होत गेलेल्या सावल्या. बन पाने न काढता केवळ करड्या रंगाच्या दोन-तीन छटांनी उभे केले आहे. हस्त नक्षत्राच्या पावसात समोरचे रान जसे पुसट होत जाते तसे ते दिसते. होकुसाईचा वारा बुद्धीला भिडतो, हिरोशिगेचा अंगाला लागतो.

पुढच्या काळात ही कला फोटोच्या छपाईपुढे मागे पडली आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत काही चित्रकारांनी तिला पुन्हा उभारी दिली. त्यांतले योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) महाराष्ट्राशी थेट जोडले गेले आहेत. १९३० च्या अखेरीस ते मुलगा तोशी याच्यासह भारताच्या प्रवासाला निघाले आणि परतल्यावर १९३१-३२ मध्ये त्यांनी ताजमहाल, उदयपूर, बनारस, कांचनगंगा यांच्याबरोबर अजिंठा आणि वेरूळच्या लेण्यांचीही ठसाचित्रे केली. सह्याद्रीच्या काळ्या दगडात कोरलेले काम चेरीच्या फळीत पुन्हा कोरले गेले. मराठवाड्याच्या भूमीला जपानी ठशांचे रंग लाभले ते असे. योशिदांनी चित्र काढण्यापासून छपाईपर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर स्वतः नजर ठेवली. ज्या प्रतींची छपाई त्यांच्या देखरेखीखाली झाली, त्यांच्या समासात ‘स्वतः छापलेले’ या अर्थाचा जपानी शिक्का असतो.

रंग बदलला की हवा कशी बदलते याचा सर्वांत सुंदर धडा योशिदांच्या १९२६ च्या शिडांच्या होड्यांत आहे. मुख्य ठसे तेच ठेवून त्यांनी तेच दृश्य सकाळ, दुपारच्या आधी, दुपारनंतर, धुके, संध्याकाळ आणि रात्र असे सहा वेळा छापले. होड्या त्याच, शिडे तीच, रेषा त्याच. तरी धुक्यातल्या प्रतीत वारा पडलेला वाटतो आणि दिवसाच्या प्रतीत तो शिडात भरलेला जाणवतो. रेषा वाऱ्याची दिशा सांगते, त्याची ऊब, ओल आणि वेळ मात्र रंगातून कळते. 

एजिरीला आधुनिक काळात एक वेगळे उत्तर मिळाले. कॅनडाचे छायाचित्रकार जेफ वॉल यांनी १९९३ मध्ये व्हँकुव्हरजवळच्या सपाट शेतात हेच दृश्य आजच्या कपड्यांतल्या माणसांना घेऊन उभे केले: तेच उडालेले कागद, तीच झुकलेली झाडे, तीच निसटलेली टोपी. एका क्षणाचे वाटणारे हे छायाचित्र शंभराच्या आसपास वेगवेगळ्या छायाचित्रांचे तुकडे संगणकावर जोडून, वर्षभराहून अधिक खपून तयार झाले. वाऱ्याचा झोत खरोखर टिपायला गेले तर तो हवा तसा सापडत नाही, तो तुकड्यातुकड्याने बांधावाच लागतो. होकुसाईकडे रेषा, रंग आणि कोरा कागद असे तुकडे होते, वॉल यांच्याकडे छायाचित्रे. वॉल यांच्या चित्रात फुजी नाही. त्यामुळे सगळे उडते, पण उडण्याला तोलून धरणारे मागे काही राहत नाही, आणि होकुसाईने तो पर्वत का ठेवला होता हे तिथे प्रकर्षाने जाणवते.

प्रत्यक्ष ठसाचित्र हाती आले किंवा संग्रहालयात समोर आले तर ते दोनदा पाहावे. आधी हाताच्या अंतरावरून सबंध दृश्य, मग अगदी जवळून. ही चित्रे भिंतीवर टांगण्यापेक्षा हातात धरून पाहण्यासाठी केली जात. प्रकाश बाजूने, तिरपा पडेल असे उभे राहिले की कागदाचा पोत दिसतो. काही चित्रांत रंगाशिवाय नुसत्या दाबाने उमटवलेले उठाव असतात, तेही तेव्हाच लक्षात येतात. कागदाच्या पाठीवर रंग झिरपलेला दिसला तर तो हाताने घासून छापल्याची खूण असते. भिंगाखाली रंग सलग दिसायला हवा. बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक यंत्रावरची नक्कल आहे. रेषा तुटलेल्या किंवा बोथट झाल्या असतील तर प्रत उशिराची, ठसा झिजल्यावरची. एजिरीसारख्या चित्रात हे चटकन कळते. उडणाऱ्या पानांचे टोक बोथट झाले की वाऱ्याचा वेगही मंदावल्यासारखा दिसतो.

अशा चित्राचा सर्वांत मोठा शत्रू उजेड. पाण्यातल्या वनस्पतिजन्य रंगांना थेट ऊन मुळीच मानवत नाही, म्हणून संग्रहालये असे कागद साधारण ५० लक्सच्या मंद प्रकाशात, थोडेच महिने मांडतात आणि मग अंधारात विसावू देतात. घरी एखादी प्रत असेल तर ती आम्लमुक्त पुठ्ठ्यात, कोरड्या जागी, चिकटपट्टी न लावता ठेवावी. पावसाळ्यात दमट भिंतीला लागून टांगलेल्या कागदावर तपकिरी डाग पडतात आणि ते सहज जात नाहीत. करडईच्या फुलापासून केलेला लाल रंग फार लवकर उडतो. काही पिवळेही फिके होतात. बऱ्याच जुन्या प्रतींत शेवटी प्रामुख्याने प्रशियन निळा शिल्लक असतो, आणि एजिरीच्या सुरुवातीच्या प्रतींत बाह्यरेषाच निळ्या असल्याने बाकीचे रंग फिकटले तरी वाऱ्याची दिशा वाचता येते.